दोन बोटांनी निघालेला थर्मोस्टॅट

१

माझ्या सुनेला भर धक्क्यावर खोटारडी म्हणाले, तेही माझ्या डोळ्यांदेखत! आता सुनेला बोलायचा हक्क माझा. तो मी घरात रोज मनसोक्त बजावते आणि तीही मला काही कमी ऐकवत नाही. पण बाहेरच्या माणसाने तिच्या कामाला नाव ठेवलं की माझं डोकंच फिरतं.

झालं असं. सोमवारी सकाळी पलीकडच्या काठाला जाणारी आमची प्रवासी बोट पहिल्या फेरीला निघाली आणि ऐन मध्यावर तिचं इंजिन तापल्याचा भोंगा वाजायला लागला. मग वाफ आली, मग इंजिनच बंद! बोटीत डॉक्टरीणबाई होत्या, शाळेचे दोन मास्तर होते, भाजीवाली होती आणि एक शेळी होती. शेळी तेवढी शांत राहिली म्हणे. मासे धरायला गेलेल्या एका होडीने दोर बांधून सगळ्यांना परत ओढून आणलं. कुणाला साधं खरचटलंही नाही, पण तोवर सगळी वस्ती धक्क्यावर जमली होती.

मी तिथली तिकीट खिडकी सांभाळते, त्यामुळे मला सगळं पहिल्या रांगेतून दिसतं. बोटीचं इंजिन म्हणजे मागच्या फळीला टांगतात तसलं, आउटबोर्ड. वय झालेलं. त्याची देखभाल माझी सून करते, आणि तिची पद्धत ठरलेली आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी झिजणारं सगळं बदलून टाकायचं. पंपाचं रबर, प्लग, पेट्रोलची नळी, थर्मोस्टॅट. चालत असलं तरी बदलायचं. "आई, पाण्यात मधोमध काही तुटलं तर दुकान कुठे शोधायचं?" असं ती म्हणते. यंदाही पंधरवड्यापूर्वी तिने हे सगळं केलं होतं.

बोट संस्थेचे अध्यक्ष तावातावाने आले. सोबत पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक होता. त्याला सगळे पक्कड म्हणतात. या बोटीच्या कामावर त्याचा फार दिवसांपासून डोळा. त्याने इंजिनावरचं मोठं झाकण उतरवलं, आतलं छोटं झाकण बोल्ट काढून उचललं आणि दोन बोटांनी थर्मोस्टॅट बाहेर काढला. बाटलीच्या बुचाएवढी पितळी वस्तू. इंजिन थंड असताना ती मिटलेली असते, तापलं की उघडते आणि थंड पाण्याला वाट देते.

चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं. थर्मोस्टॅट पाण्यात टाकला. सगळे वाकून बघतायत. तो उघडतोय कुठला? ढिम्म!

"हा नवा?" अध्यक्षांनी सुनेला विचारलं. "बाई, तुम्ही बदलला म्हणून सांगितलंत. खोटं बोललात. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा! संध्याकाळी बैठक घेतो आणि काम पक्कडकडे देऊन मोकळा होतो."

सुनेने तो थर्मोस्टॅट हातात घेतला, उलटसुलट केला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नवाच घातला होता," ती म्हणाली. "पण हा जुना आहे. मीच काढलेला."

२

मी खिडकीला कडी लावली आणि तिला ओढतच तिच्या वर्कशॉपमध्ये नेलं. चिरंजीव मोठ्या जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतात. तेव्हा तिची बाजू घ्यायला मीच.

"रडायचं ते नंतर रड," मी म्हटलं. "आधी सांग, जुनाच कशावरून?"

तिने डोळे पुसले आणि कडेवरची खाच दाखवली. वर्षभर खाऱ्या पाण्यात बसून थर्मोस्टॅट जागेवर चिकटतो. काढताना तिने स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटला होता, त्याची ती खाच.

"आठवतंय मला," मी म्हटलं. "त्या दिवशी काय शिव्या देत होतीस!"

"मी शिव्या देत नाही, आई."

"मनातल्या मनात देतेस. मला ऐकू येतात."

ती हसली. आणि ती हसली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर चिकटून बसलेला थर्मोस्टॅट निघता निघत नाही. मग आज सकाळी पक्कडने तो दोन बोटांनी कसा काढला? लोणच्यातली फोड उचलावी तसा! म्हणजे तो आत मुरलेला नव्हता, कुणीतरी हल्लीच आणून ठेवलेला होता.

"शनिवारी बोट नीट चालली?"

"सगळ्या फेऱ्या झाल्या. कुरकूर नाही की काही नाही."

रविवारी बोट बंद असते. म्हणजे रविवारी कुणीतरी इंजिन उघडलं, नवा काढला आणि जुना घातला.

"जुना तू ठेवला होतास कुठे?"

"बोटीतल्या पत्र्याच्या पेटीत. काढला तेव्हा चालत होता ना, मग टाकवेना. लिंबू लावून घासला, पुसला आणि अडीनडीला असू दे म्हणून ठेवून दिला."

आम्ही दोघी बोटीकडे धावलो. पेटी उघडली. दोर होता, शिट्टी होती, मलमपट्टी होती. थर्मोस्टॅटची कागदी डबी पण होती, कोरी करकरीत. आत काही नव्हतं.

"आई," सून हळूच म्हणाली, "हे काम ज्याला येतं त्यानेच केलंय. आणि या धक्क्यावर असं किती जणांना येतं?"

३

पहिला संशय कप्तानवर. कप्तान म्हणजे बोट चालवणारा. जहाजाचा नव्हे, पण टोपी तशी घालतो. सुनेच्या पद्धतीवर त्याचा भारी राग. 'चालतंय तर हात कशाला लावायचा' हे त्याचं पालुपद. पंधरवड्यापूर्वी दोघांची धक्क्यावर चांगली जुंपली होती. तिला खोटं पाडायला याने हे केलं असेल तर?

तो माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"वहिनी, मी वीस प्रकारे देवाचा धावा केला," तो म्हणाला. "आणि ती शेळी माझ्याकडे असं बघत होती, जसं काही मीच मुद्दाम बंद केलं."

"केलंत का?"

"अहो!" तो ताडकन उठला. "मी होतो ना त्या बोटीत! आणि मला पोहता कुठे येतं?"

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं हा माणूस पाण्यावर! पण माझी एवढ्याने खात्री पटणार नव्हती. खिडकीच्या कडीचा स्क्रू ढिला झाला होता. मी त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि म्हटलं, जरा आवळून द्या. त्याने जीभ बाहेर काढून, घाम गाळून तो स्क्रू फिरवला. थोड्या वेळाने स्क्रू खाली पडला, कडीही पडली.

"उलटा फिरवलात," मी म्हटलं.

"याला उलटं-सुलटं असतं?" त्याने विचारलं.

या माणसाने इंजिन उघडून परत बसवणं शक्यच नव्हतं. मी कडी उचलली.

"इंजिन मी फक्त दोरी ओढून चालू करतो," तो म्हणाला. "आणि आज ती दोरीसुद्धा! तिची मूठ इतकी बुळबुळीत, की पहिल्या झटक्याला हातातून सुटली आणि मी मास्तरांच्या मांडीवर. वरच्या झाकणाचा खटकाही बघा, कसा कुरकुरायचा? आज आवाजच नाही. तुमच्या सुनेने तेलपाणी केलं असेल म्हणून मी गप्प बसलो."

सुनेने तेलपाणी केलं नव्हतं. पंधरवड्यात तिने इंजिनाला हातच लावला नव्हता, हे मी तिला विचारूनच आले होते. म्हणजे ज्याने थर्मोस्टॅट बदलला, त्याने जाता जाता खटक्याची आणि दोरीची सेवाही केली! शत्रू असला तरी फारच प्रेमळ शत्रू म्हणायचा.

आता एकच नाव उरत होतं, आणि ते पक्कडचं होतं म्हणून मला आनंदच झाला.

४

पक्कडच्या दुकानात पाऊल ठेवलं की आधी लाल रंग दिसतो. हा माणूस कुठलाही जोड लाल गम भरल्याशिवाय बंद करत नाही. पंप असो, नळ असो, सायकल असो, फटीफटीतून लाल ओघळ बाहेर.

"या काकू," तो म्हणाला. "मला पकडायला आलात ना?"

"आले आहे. काम तुला हवंय की नाही?"

"हवंय. चार वर्षं झाली मागतोय. लपवतो कशाला?" त्याने स्टूल पुढे केलं. "पण काकू, त्या बोटीने माझी बहीण रोज शाळेत शिकवायला जाते. आज त्या दोन मास्तरांबरोबर तीही असती, सर्दी झाली म्हणून घरी राहिली. मी तिच्या बोटीचं इंजिन बिघडवेन?"

तो हे अगदी सरळ बोलला. माझा राग थोडा उतरला. पण थोडाच.

"मग तो थर्मोस्टॅट तुला दोन बोटांनी कसा निघाला?"

त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"खरंच की," तो म्हणाला. "मी उचकटायला पाना घेऊन बसलो होतो, आणि हात लावताच आला. गडबडीत माझ्या लक्षातच नाही आलं." मग त्याने टेबलावरून सकाळी बोटीच्या इंजिनातून निघालेलं कागदी पॅकिंग उचललं. छोटं झाकण बसवताना मध्ये घालतात ते. "आणि हे बघा. हे मी केलं असतं तर याला लाल गम असता. तुमची सून नेहमी नवं पॅकिंग घालते आणि कोरडं घालते, मला माहितीये. हे तर दोन्ही बाजूंनी ग्रीस माखलेलं. म्हणजे ज्याने झाकण उघडलं त्याच्याकडे नवं पॅकिंग नव्हतं. जुनंच परत वापरलं, आणि फाटू नये म्हणून ग्रीस लावलं. जुन्या लोकांची रीत आहे ही. हल्ली कोण करतं?"

मी ते पॅकिंग बोटात धरलं. पिवळंधमक ग्रीस. सून वापरते ते निळं असतं.

मी ते उजेडाकडे धरलं. तो पिवळा रंग मी रोज बघते. माझ्या कपाटाच्या बिजागरीला आहे, छत्रीच्या दांड्याला आहे आणि धुतलेल्या टॉवेलला तर कायमचाच आहे.

"काय झालं काकू?" पक्कडने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चोर सापडला. तीस वर्षं माझ्याच हातचं जेवतोय."

५

आमचे हे जेवणाच्या ताटासमोर बसले होते. ताट जसंच्या तसं. ज्या माणसाने आमच्या लग्नात दोनदा वाढून घेतलं, तो उपाशी बसलाय म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

सुनेच्या आधी त्या धक्क्यावरची सगळी इंजिनं यांच्याकडे होती. तिला काम यांनीच शिकवलं. मग हात थरथरायला लागले, तेव्हा वर्कशॉपच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि आपणहून शब्द दिला, की पोरी, यापुढे तुझ्या कामात मी हात घालणार नाही.

"अहो," मी समोर बसले. "रविवारी दुपारी कुठे गेला होतात?"

"फिरायला."

"ग्रीसचा डबा घेऊन?"

यांनी मान खाली घातली. मग खिशातून चष्म्याची डबी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी उघडली. आत चष्मा नव्हता, थर्मोस्टॅट होता.

"जुना आहे तो," हे म्हणाले. "मी काढलेला."

"जुना?"

"रविवारी सहज बोटीत जाऊन बसलो. सवय जात नाही गं. सुतळी हवी होती म्हणून पेटी उघडली, तर थर्मोस्टॅटची नवीकोरी डबी! आत चकचकीत थर्मोस्टॅट. म्हटलं, झालं. पोरीने सगळं बदललं आणि हे बसवायचं विसरली. तिला सांगितलं असतं तर ओशाळली असती. आणि मी शब्द दिलेला. म्हणून गुपचूप बसवून टाकला."

मी कपाळावर हात मारला. कोरी डबी! नव्याच्या डबीत जुना ठेवून दिला होता माझ्या कामसू सुनेने. आणि घासून असा लख्ख केलेला, की कुणीही फसावं.

"आणि जो आतून काढलात, तोही चकचकीत होता, तेव्हा नाही वाटलं काही?"

"वाटलं. मग म्हटलं, घासून परत घातला असेल. चष्मा नव्हता माझ्याजवळ. डबी तेवढी आणली होती."

चष्मा घरी, डबी खिशात! या माणसाशी मी संसार केलाय.

"पण आज सकाळी," मी म्हटलं, आणि आता माझा आवाज चढला, "आज सकाळी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले, तेव्हा तुम्ही गर्दीत मागे उभे होतात. बघितलं मी तुम्हाला. तोंडात काय बोळा कोंबला होता?"

यांनी ताट बाजूला सारलं. "मला वाटलं मी उलटा बसवला," हे म्हणाले. "मागून मला ते उकळतं पाणी दिसलं नाही, अध्यक्षांचा आवाज तेवढा ऐकू आला. नवा पार्ट, आणि तरी इंजिन तापलं. म्हणजे माझा हातच गेला. आयुष्यभर ज्या हाताचं खाल्लं, तो हात गेला. ते सगळ्यांसमोर कसं म्हणायचं?"

मला इतका राग आला होता, की भांडंच आपटणार होते. पण हे ऐकलं आणि रडूच फुटलं. तसंच रडत मी गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी उकळलं आणि चष्म्याच्या डबीतला थर्मोस्टॅट त्यात टाकला. बघता बघता तो पाकळीसारखा उघडला.

"हा नवा होता," मी म्हटलं. "तुम्ही नवा काढलात आणि जुना बसवलात. बसवलात मात्र अगदी बरोबर. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. डोक्याचं मी सांगू शकत नाही."

यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. मग उठून शर्टाची बटणं नीट केली.

"बैठक कधी आहे?" त्यांनी विचारलं.

६

बैठकीला पाय ठेवायला जागा नव्हती. शेळीचा मालकसुद्धा आला होता. अध्यक्ष बोलायला उठले, तेवढ्यात आमचे हे पुढे गेले. मी काही सांगायची वेळच आली नाही. सगळं यांनीच सांगितलं, डबी, ग्रीस, चष्मा, सगळं. शेवटी सुनेकडे वळले.

"आणि सकाळी तुला बोलत होते, तेव्हा मी घाबरून गप्प राहिलो. चूक माझी, आणि बोलणी तू खाल्लीस."

सून उठली.

"बाबा, तुम्ही हात लावलात, त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "गप्प बसलात, त्याचा आहे. खूप आहे." मग ती अध्यक्षांकडे वळली. "आणि माझंही चुकलं. बदललेला पार्ट मी टाकून द्यायला हवा होता. काढला तेव्हा चालत होता, पण तसाच पडून सुकला आणि आतल्या मिठाने जाम झाला. वर मी तो नव्याच्या डबीत ठेवला. यापुढे पेटीत जादा म्हणून ठेवीन तोही नवाच असेल."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, सकाळी मी जे बोललो ते मागे घेतो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर मागे घेतो." मग त्यांनी पक्कडकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

"माझी बहीण जाते त्या बोटीने," पक्कड म्हणाला. "काम यांच्याकडेच राहू द्या."

मी त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं. बरा मुलगा आहे. त्या लाल गमाचं तेवढं सांगायला हवं.

पण पलीकडच्या काठावरचे लोक सकाळपासून बोटीची वाट बघत होते. सगळे धक्क्यावर आले. सुनेने नवं पॅकिंग काढलं, पातेल्यातून निघालेला थर्मोस्टॅट काढला आणि दोन्ही यांच्यासमोर धरलं.

"बसवा."

"मी?" हे मागे सरकले.

"तुम्हीच. माझ्यासमोर. आणि काय करताय ते मोठ्याने सांगत. प्रत्येक गोष्ट. पुन्हा गप्प राहून काही करायचं नाही."

हे वाकले. हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होतं. "आता जागा पुसतो," हे म्हणाले. आवाज फुटेना. "मोठ्याने!" सून म्हणाली. "आता जागा पुसतोय! आता थर्मोस्टॅट, स्प्रिंग आतल्या बाजूला! आता पॅकिंग, कोरडं! आता बोल्ट, आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे!" शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत यांचा आवाज पार धक्क्याच्या टोकापर्यंत जात होता आणि हातांकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"पहिली फेरी रिकामी नेऊन बघू," अध्यक्ष म्हणाले. बाकीचे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मला ते सहन होईना. मी खिडकीत गेले, एक तिकीट फाडलं, पैसे गल्ल्यात टाकले आणि बोटीत जाऊन बसले. इतकी वर्षं तिकिटं विकली, पण पाण्याला मी घाबरते. हे मी कप्तानला त्याचं गुपित कळल्यावरही सांगितलं नव्हतं.

सून माझ्याशेजारी, हे इंजिनाजवळ, कप्तान सुकाणूवर. मध्यावर आलो तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. भोंगा वाजला नाही. सुनेने माझा हात धरला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. जेमतेम कोमट लागलं.

"बघा आई," ती म्हणाली, "तापलेलं नाही."

"मला काय दाखवतेस?" मी म्हटलं. "मला सकाळपासूनच माहीत होतं, तू खोटं बोलत नाहीस."

तिने माझा हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.